मुक्कामाची गुरे

दारावर थाप पडली आणि बाहेरून कोणी "नाना आहेत का?" असे विचारले, की आतून स्वतः नानाच विचारीत, "कोणाला पाहिजेत?" आलेला माणूस ओळखीचा आहे, त्याच्या हातात कागद नाही आणि आवाजात राग नाही, एवढी खात्री पटल्यावरच ते घरात असत. तोवर घरात नुसता एक प्रश्न विचारणारा आवाज असे.

मांडव्याच्या अलीकडच्या त्या गावात सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा मी त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला गेले. पदव्युत्तर प्रवेशाचा अभ्यास करायचा, नोकरीत कोणाशी वाकडे घ्यायचे नाही आणि संधी मिळताच निघायचे, असा माझा नेटका बेत होता. खोली पाहायला गेले आणि म्हणाले, "इथे खोली भाड्याने आहे असं कळलं."

"असं कोण म्हणालं?"

मी सांगणाऱ्याचे नाव सांगितले. नानांनी ते मनात कुठेतरी नोंदवून घेतल्यासारखे केले. "म्हणाला असेल. खोली आहे. राहायला माझी हरकत नाही. भाड्याचं मात्र मी काही बोललेलो नाही, हे लक्षात ठेवा." भाडे मात्र ते पहिल्या तारखेला न बोलता हात पुढे करून घेत.

नाना आयुष्यभर तालुक्याच्या न्यायालयात बेलिफ होते. समन्स आणि जप्तीचे हुकूम घेऊन गावोगाव जायचे आणि ज्याच्या नावाचा कागद त्याच्या हाती द्यायचा, हे त्यांचे काम. या कामात माणसाला सचोटी शिकायची संधी असते, तशीच पळवाटा शिकायचीही असते. ज्या लोकांनी मागच्या दाराने निसटून त्यांना उन्हातान्हात वणवण करायला लावली, त्यांचाच हा गृहस्थ पट्टशिष्य झाला. "डॉक्टरबाई," ते मला समजावीत, "कायदा केवढाही मोठा असू दे, तो शेवटी दारात येऊन उभा राहतो. आतल्या माणसानं 'हो, मीच तो' म्हटलं की संपला तो माणूस. नाही म्हटलं, तर कायदा बिचारा पायरीवर बसून राहतो. मी बसलोय ना त्याच्या शेजारी."

त्यांच्या गोठ्यात सहा गुरे होती. लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाला गेले तेव्हा मी नोंद करण्यासाठी रीतसर विचारले, "ही गुरं तुमची ना?"

नानांनी गुरांकडे अशा नजरेने पाहिले, जणू ती आत्ताच आत शिरली आहेत. "ह्या गोठ्यात मुक्कामाला असतात."

"दूध कोण काढतं?"

"दूध काढलं जातं."

"आणि शेण?"

"ते शेतात जातं."

लस त्यांनी टोचू दिली. कानात पिवळा बिल्ला मात्र मारू दिला नाही. बिल्ल्यावर क्रमांक असतो आणि क्रमांकापुढे मालकाचे नाव असते. ते म्हणाले, "मुक्या जनावराला कशाला त्रास?" हे बोलताना त्यांचा चेहरा इतका करुण झाला होता की, सुई टोचताना मलाच अपराधी वाटावे.

एखादा गृहस्थ एवढा सावध का राहतो, हे समजायला तिथला एक रिवाज माहीत असावा लागतो. भात कापून झाले, खळी उरकली, की एका सकाळी ग्रामदेवतेला नारळ दिला जातो आणि त्या दिवसापासून गावातली गुरे मोकळी सुटतात. पुन्हा पेरणीचे दिवस येईपर्यंत त्यांना ना राखण, ना दावे. शेते रिकामी असत आणि रस्त्यावरून दिवसाकाठी एखादी एस.टी. जाई, त्या काळी या रिवाजात काही गैर नव्हते. आता मांडव्याच्या जेटीवर उतरलेली मुंबईची मंडळी शनिवार आला की बंगल्यांच्या दिशेने सुसाट सुटतात. गुरे संध्याकाळी रस्त्यावर का येऊन बसतात, याला शास्त्रीय कारण आहे. डांबर दिवसभराची ऊब धरून ठेवते, जमीन कोरडी असते आणि वारा असल्यामुळे डास कमी असतात. गुरांच्या दृष्टीने ही जागा उत्तम आहे. तिथून वाहनेही जातात, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. आणि ज्यांनी सांगायला हवे, ते त्या वेळी घरात नसतात.

अपघात झाला की जनावराच्या मालकावर जबाबदारी येते, हे गावात साऱ्यांना माहीत होते. म्हणूनच अपघात झाला की गावात कोणाकडेच गुरे नसत. नानांनी या सार्वजनिक भित्रेपणाला सिद्धान्ताची बैठक दिली, एवढेच त्यांचे कर्तृत्व. मालकी हा त्यांच्या मते गाईचा गुणधर्म नव्हता, तो जागेचा होता. गोठ्यात मालकी पूर्ण, अंगणात निम्मी, फाटकाबाहेर शून्य, आणि कासेत दूध घेऊन गाय परतू लागली की ती पुन्हा भराभर वाढे. मी त्याचा आलेख काढून दाखवला असता, तर नानांनी तो भिंतीला लावला असता. फक्त खाली सही केली नसती.

एकदा मी कुठूनसे चमकणाऱ्या रेडियमच्या पट्ट्यांचे एक भेंडोळे मिळवले. गुरांच्या गळ्यात बांधल्या की दिव्याच्या उजेडात लांबून दिसतात, एवढी साधी युक्ती. गावात काहींनी बांधल्या. नाना हात मागे बांधून पाहत राहिले.

"पट्टा कोण बांधतं?" त्यांनी मला विचारले.

"मी बांधीन."

"पण कोणाच्या गोठ्यात येऊन बांधाल? उद्या अपघात झाला की विचारतील, ह्या गाईची एवढी काळजी कोणाला होती? काळजी हा फार वाईट पुरावा आहे, डॉक्टरबाई."

हे वाक्य मला इतके आवडले की मी त्या वेळी हसले. माणसाची विकृती वाक्यात नीट बसली की तिला आपण विनोद समजतो.

त्या वर्षी दिवाळीच्या पाडव्याला घराघरांतून गुरे सजली. शिंगांना रंग लागले, गळ्यात झेंडूच्या माळा पडल्या आणि अंगावर तांदळाच्या पिठाचे ठसे उमटले. कोणी वाटीच्या काठाचा ठसा उठवतो, कोणी हाताचा. नानांनी आपल्या सहाही गुरांवर पंजा उठवला. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी लहानपणी रहाटात सापडून अर्धी तुटलेली होती. बिल्ला नको, पट्टा नको, नाव नको म्हणणाऱ्या माणसाने मोठ्या भक्तिभावाने स्वतःचा साडेचार बोटांचा हात सहा ठिकाणी छापून ठेवला. धर्माचा प्रश्न आला की या गृहस्थाची कायदेशीर बुद्धी सुटीवर जाई.

त्या वर्षी नारळ पाडव्यापाठोपाठच दिला गेला, आणि त्याच आठवड्यात दिवेलागणीला हिराताई रेवसहून स्कूटरने येत होत्या. हिराताई मासळी विकीत. रेवसच्या धक्क्यावर होडी लागली की मासळी उचलायची, बर्फाची पेटी मागे बांधायची आणि बंगल्याबंगल्यांतून घरपोच द्यायची, हा त्यांचा धंदा त्या स्कूटरमुळेच उभा राहिलेला. वळणावर समोरून एका मोटारीचे भगभगीत दिवे डोळ्यांवर आले, आणि ते गेल्यावर जो अंधार उरला त्यात नानांच्या गोठ्यातली काळी गाय रस्त्याच्या मधोमध बसलेली होती. काळ्या डांबरावर काळी गाय. हिराताईंनी स्कूटर वळवली, गाईच्या मागच्या मांडीला धडक बसली आणि त्या पेटीसकट आपटल्या.

मला बोलावणे आले तेव्हा त्या रस्त्याच्या कडेला मनगट धरून बसल्या होत्या. त्यांचा हात मोडला होता हे मला जनावरांची डॉक्टर असूनही दिसत होते. माझ्या ओढणीची झोळी करून मी हात गळ्यात अडकवला आणि मग गाईकडे वळले. गाय गाभण होती. मांडी फाटली होती, पण हाड शाबूत होते. रस्ताभर सुरमई पसरली होती आणि तिच्याभोवती गाव जमले होते. हवालदार आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गाय कोणाची?"

सगळ्या नजरा नानांकडे गेल्या आणि लगेच दुसरीकडे वळल्या. प्रत्येकाचे एखादे जनावर त्या क्षणी कुठल्या तरी डांबरावर ऊब घेत बसलेले होते.

मी म्हणाले, "ही नानांच्या गोठ्यातली गाय आहे. मी रोज पाहते."

नाना शांतपणे पुढे झाले. "मुक्कामाला असते. हे मीच बाईंना सांगितलंय. आता साहेब, मुक्काम म्हणजे मालकी का? ह्या डॉक्टरबाई माझ्या घरात मुक्कामाला आहेत. मी काय त्यांचा मालक झालो?"

लोक हसले. हवालदारही हसले. मीच तेवढी हसले नाही.

टॉर्चच्या उजेडात मी जखम धूत होते, तेव्हा हिराताईंना गाईच्या कुशीवरचा तो पांढरा पंजा दिसला. "नाना," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, "जरा हात दाखवा तुमचा."

नानांनी हात दाखवला. लपवला नाही, हे सांगायला हवे. "हात माझाच आहे. पाडव्याला गाईला हात लावावा, पुण्य लागतं. मग गाय कोणाची का असेना. मी पुण्य घेतलं, बाय. गाय नाही घेतली."

"आनि माझा हात मोडला तो कोनाच्या पुन्यानं?"

"ते तुमच्या वेगानं."

"पेटीत बर्फ आनि म्हावरा घेऊन वेग? मी काय इमान चालवत व्हते?"

नोंद झाली ती अशी: मालक अज्ञात, वाहन निष्काळजीपणे चालवल्यामुळे अपघात. अज्ञात मालक तिथेच हात मागे बांधून उभा होता आणि नोंद वाचून होईपर्यंत थांबला होता.

या ओळीने हिराताईंच्या घरात काय केले, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. नवऱ्याने स्कूटर पडवीत ओढून साखळीने बांधली. बायकोने स्कूटर चालवणे त्याच्या भावांना कधी रुचले नव्हते, आणि आता त्यांना सरकारी शब्द मिळाला होता. "चूक तुझी हाय, पोलिसांनीच लिवलंय," तो म्हणाला. "हात बरा झाला का बाजारात पाटी घेऊन बस, आईच्या शेजारी. गिऱ्हाईक बघतो मी गाडीला." पाटी म्हणजे दिवसभर दुसऱ्याच्या सावलीत बसणे; बंगल्यांची कामे त्याच आठवड्यात कोणीतरी दुसरे उचलणार. हिराताईंना भरपाई नको होती. चूक माझी नव्हती, एवढे कोणीतरी कबूल करावे, म्हणजे स्कूटर सुटेल, इतकीच त्यांची मागणी होती. आणि हे कबूल करू शकणारा एकच माणूस अख्ख्या तालुक्यात होता, जो कधीच घरात नसे.

गाय दवाखान्याच्या आवारात पडून होती. बेवारस जनावर कोंडवाड्यात ठेवावे असा नियम आहे, पण पंचायतीच्या कोंडवाड्यात कचऱ्याची घंटागाडी उभी असे. हिराताई हाताला प्लास्टर घालून टेम्पो घेऊन आल्या.

"मालक न्हाय ना हिला? मंग मी नेते. निदान जिच्यावर आदळले ती कशी हाय ते रोज दिसेल तरी."

दवाखान्याला लागूनच नानांची वाडी होती; ते कुंपणापलीकडे वालाला पाणी घालीत होते. सगळे गाव गुरे मोकाट सोडून मोकळे झाले, तरी नानांचा वाल मात्र काटेरी कुंपणात होता. मी मुद्दाम मोठ्याने विचारले, "नाना, ताई गाय नेताहेत. गाभण आहे. तुमची काही हरकत?"

त्यांच्या हातातल्या झारीचे पाणी एकाच वेलावर पडत राहिले. त्या क्षणी एका शब्दात गाय त्यांची झाली असती, आणि त्याच शब्दात अपघातही. नानांनी दोन्हींचे वजन केले.

"बेवारस जनावर आहे," ते म्हणाले. "नेऊ देत. भूतदया आहे."

टेम्पो निघाला तेव्हा गाय गोठ्याकडे तोंड करून हंबरू लागली. नाना घरात गेले. थोड्या वेळाने मी दार वाजवले, तर आतून प्रश्नसुद्धा आला नाही.

हिराताईंनी गाईला नाव दिले: हलवी. काळ्या गाईला त्यांना काळ्या हलवा माशाखेरीज दुसरे काय आठवणार? हलवी व्याली, कालवड झाली आणि नानांना संध्याकाळी फिरायची सवय लागली. त्यांचे फिरणे नेमके हिराताईंच्या पाड्यावरून जाई. काखेत पेंडीची पुडी असे. "इकडून जात होतो," ते म्हणत. "काही गाईंना उजवीकडून बसलं तरच पान्हा सुटतो, असं ऐकलंय."

"कोनाकडून ऐकलं?" हिराताई विचारीत.

"लोक बोलतात."

मी एकदा पाहिले, ते वासराचे कान कुरवाळत उभे होते. मला पाहताच त्यांनी हात खिशात घातला. काळजी हा फार वाईट पुरावा असतो. त्यांची कीव यावी असे ते दृश्य होते, पण पडवीत साखळीने बांधलेली स्कूटर त्याच्या मागेच दिसत होती, म्हणून मला कीव आली नाही.

मग व्हायचे तेच झाले. एका दुपारी हलवी दावे तोडून निघाली, जुन्या घराच्या वाटेने सरळ गेली आणि नानांचे कुंपण मोडून शेंगांनी लगडलेला वाल तिने बुडख्यापर्यंत खाल्ला. नाना पेटले. एवढी वर्षे ज्या कायद्यापासून ते लपत होते, तो आता त्यांच्या बाजूने उभा राहिला होता. सेवेत असतानाही त्यांच्या चालीत एवढा जोर कधी नसेल. त्यांनी पंचायतीत तक्रार दिली आणि ग्रामसेवकांनी सगळ्यांना बोलावले. हिराताई आल्या, नवराही आला, बायकोची आणखी एक चूक ऐकायला. नुकसानीची पाहणी केलेली म्हणून मलाही बसवून घेतले.

"गाय तुमची?" ग्रामसेवकांनी हिराताईंना विचारले.

"मी सांभाळते. वाल तिनंच खाल्ला. खोटं कशाला बोलू?"

"लिहून घ्या!" नाना उठून उभे राहिले. "जो सांभाळतो त्याची जबाबदारी! मोकाट सोडायचं आणि लोकांनी सोसायचं, हे चालणार नाही. आज वाल खाल्ला, उद्या रस्त्यावर एखाद्याचा जीव जाईल!"

ग्रामसेवकांनी तसे लिहून घेतले. मग म्हणाले, "पण नाना, ह्यांच्याकडे गाय आत्ता आली. बांधून ठेवलेली होती. ती दावं तोडते, कुंपण मोडते, हे ह्यांना कसं माहीत असणार? माहीत नसेल तर निष्काळजीपणा कसा म्हणायचा?"

मुद्दा कायद्याचा होता, आणि कायद्याच्या मुद्द्यावर हरणे नानांच्या स्वभावात नव्हते.

"माहीत नाही कसं? कुंपण दिसलं की तिला राहवत नाही! कालवड होती तेव्हापासूनची खोड आहे तिची. तिच्या आईला हीच खोड होती. मी स्वतः ह्या गाईच्या गळ्यात लाकडाचं लोढणं घातलं, तरी ते ओढत ओढत रस्त्यावर जाऊन बसायची! मी ह्या बाईंना लोढण्याचं सांगितलं असतं, पण..."

ते थांबले. माझ्या आठवणीत नाना असे भर सभेत, नावागावासकट, पूर्णपणे हजर एवढ्या एकाच वेळी आहेत.

"रस्त्यावर जाऊन बसायची," हिराताई सावकाश म्हणाल्या. "तुमाला माहीत व्हतं."

"मी... कायद्याच्या दृष्टीनं बोलत होतो. उदाहरणादाखल."

"कोनाची आई, नाना? उदाहरनाची?" हिराताई उठल्या. प्लास्टर निघाले होते, पण तो हात अजून पुरता वळत नव्हता. त्यांनी डाव्या हाताने पदर खोचला. "गाय घेऊन जा तुमची. वासरू बी न्या. मला काय नको. आत्ताच्या आत्ता ठान्यात चला आनि हे जसं बोललात तसं त्या हवालदाराला सांगा. डॉक्टरीनबाय, तुमी बी चला."

मी पर्स उचलली. नवरा खाली मान घालून बसला होता. हिराताई त्याच्याकडे वळल्या. "ऐकलंत न्हवं? आता साखळी काढा. ठान्यात मी स्कूटरनं येनार."

तो उठला आणि चपला घालून बाहेर पडला. त्याच्या मागोमाग हिराताई गेल्या. नाना मात्र जागचे हलले नाहीत. पडलेला माणूस जसा आधी कपडे झटकतो, तसे त्यांनी सदरा सारखा केला आणि ग्रामसेवकांच्या टेबलाशी गेले.

"ते ठाण्याचं पाहू," ते म्हणाले. "पण वालाचं नुकसान झालं आहे, हे तर खरं ना? त्याची भरपाई कोण देणार?"

ग्रामसेवकांनी लिहिता लिहिता मान वर केली नाही.

"गाईचा मालक," ते म्हणाले.